कॉफीतलं पॉलिफेनॉल: बशीतून कपात, कपातून रक्तात

नमस्कार, श्रोतेहो.

काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवतात. त्यांच्यावर कॉफीतलं पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींत सापडणाऱ्या रसायनांच्या एका गटातलं रसायन, टाकतात आणि एकदोन दिवसांनी मोजतात, तर बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. मग ‘कॉफी कर्करोगाला मारते’ अशी बातमी येते. प्रयोग खोटा नसतो, पण बशीतला आकडा आणि आपल्या रक्तातला आकडा यांत मोठं अंतर असतं. आज त्या अंतराविषयी बोलू.

कॉफीतलं मुख्य पॉलिफेनॉल म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल. नावावर जाऊ नका, यात क्लोरीन औषधालाही नाही. ‘क्लोरो’ हा हिरव्या रंगासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. कॅफिक आम्ल आणि क्विनिक आम्ल जोडून हे बनतं. कॅफीन मात्र वेगळंच, ते पॉलिफेनॉल नाही.

कॉफीच्या अरेबिका या जातीच्या 100 ग्रॅम कच्च्या बियांत हे आम्ल ढोबळमानाने 5 ते 8 ग्रॅम असतं, रोबस्टा या दुसऱ्या जातीत त्याहून जास्त. भाजताना ते मोडत जातं. हलक्या भाजणीत साधारण निम्मं टिकतं. काळ्या, तेलकट दिसणाऱ्या बियांत बहुतेक सगळं गेलेलं असतं. त्यातल्या काहीचे लॅक्टोन नावाचे पदार्थ होतात, आणि कॉफीचा कडवटपणा बराचसा त्यांचाच. म्हणजे जितकी कडू तितकी गुणकारी, हा समज इथे उलटा पडतो.

आता हिशेब करू. एका कपात समजा 200 मिलिग्रॅम क्लोरोजेनिक आम्ल आहे. ते सगळं एकदम, न मोडता पाच लिटर रक्तात उतरलं असं धरलं, तरी प्रमाण लिटरला सुमारे 113 मायक्रोमोल होईल (मायक्रोमोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). बशीतल्या प्रयोगांत अनेकदा 50 ते काहीशे मायक्रोमोल वापरतात. प्रत्यक्षात लहान आतड्यात साधारण एक तृतीयांशच शोषलं जातं, तेही यकृतात पोचेपर्यंत बदलतं. रक्तात मूळ रूपात जे सापडतं ते बहुधा एका मायक्रोमोलच्या आसपास किंवा त्याहून कमी.

बशीत आणखी एक गफलत होते. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात पॉलिफेनॉल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी त्यानेच मरतात, श्रेय मात्र कॉफीला. पडताळा सोपा आहे: द्रवात पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे विकर (एन्झाइम) मिसळायचं. त्यानंतर पेशी जगल्या, तर मारेकरी कोण ते कळलं. ही चाचणी न केलेल्या शोधनिबंधावर फार भिस्त ठेवू नये.

मग हाती काहीच नाही का? तसंही नाही. न शोषलेला दोन तृतीयांश भाग मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि ते पुढे शोषले जातात. पेशींची स्वतःची बचावयंत्रणा, विशेषतः एनआरएफ-2 नावाचं प्रथिन, अशा रेणूंमुळे जागी होते आणि विषारी पदार्थ निकामी करणारी विकरं वाढतात, असं प्रयोगांत दिसतं. म्हणजे झालेली गाठ विरघळवण्यापेक्षा गाठ होण्याआधीच्या टप्प्यावर उपयोग, ही शक्यता मला जास्त पटण्यासारखी वाटते.

माणसांवरच्या पाहण्या काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात संशयितांत टाकलं होतं. खूप कॉफी पिणाऱ्यांत धूम्रपान करणारेही जास्त असतात, आणि हा गुंता तेव्हा नीट सुटलेला नव्हता. 2016 मध्ये हजारावर अभ्यास तपासून तो शिक्का काढला गेला. यकृत आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं प्रमाण कॉफी पिणाऱ्यांत कमी दिसतं. कॅफीन काढलेल्या कॉफीतही यकृताबाबत तोच कल आहे, थोडा सौम्य. मात्र हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

त्याच 2016 च्या निर्णयात दुसरी गोष्ट होती: 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला ‘बहुधा कारणीभूत’. दोष तापमानाचा, कॉफीचा नव्हे. म्हणून कप हातात घेतल्यावर काही मिनिटं थांबा.

करायचीच तर हलकी किंवा मध्यम भाजलेली, ताजी दळलेली पूड घ्या: 250 मिलिलिटर पाण्याला 15 ग्रॅम. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबवा आणि कागदी गाळणीतून हळूहळू ओता. कागदात कॅफेस्टॉल अडकतं. हा तेलकट पदार्थ रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो. पॉलिफेनॉल पाण्यात विरघळणारं, ते खाली उतरतं.

अंगात लोह कमी असेल तर जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर लगेच कॉफी नको, कारण हीच पॉलिफेनॉलं अन्नातलं लोह बांधून ठेवतात. जेवणाच्या तासभर आधी घेतलेली चालते. गरोदरपणात दिवसाला कॅफीन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. आणि कर्करोगावर उपचार चालू असतील तर हिरव्या कॉफीच्या अर्काची कॅप्सूल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. कपातली कॉफी आणि दाट केलेला अर्क यांत मात्रेचा फरक आहे, आणि औषधांशी त्या अर्काचं जमेलच असं नाही.

नमस्कार.