हार्टलंडला जाणारी गाडी

[पडद्यावर: काळोख. वाफेचा सुस्कारा. उजेड वाढत जातो आणि हिरव्या इंजिनाच्या कुशीवरची नावाची पाटी दिसू लागते.]

इंग्लंडमध्ये एक वाफेचं इंजिन आहे. क्रमांक 34101. 1950 साली ईस्टलीच्या कारखान्यात बांधलेलं आणि आजही जतन करून ठेवलेलं. ‘वेस्ट कंट्री’ वर्गातल्या इंजिनांना नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या ठिकाणांची नावं दिली गेली. याच्या वाट्याला आलं ‘हार्टलंड’.

हार्टलंड हे डेव्हन परगण्याच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव. त्याच्या पुढे कडे, आणि कड्यांपुढे अटलांटिक महासागर. गावाचं नाव मिरवत इंजिन धावलं, पण त्या गावापर्यंत रूळ कधी गेलेच नाहीत. रेल्वे गाठायची तर बारा-तेरा मैलांवरच्या बिडफर्डला जावं लागे.

गेली दोन वर्षं मी ही न झालेली लाईन बांधतो आहे. रोज रात्री, जेवणं आटोपल्यावर, संगणकावर.

[पडद्यावर: सिम्युलेटरचा संपादक, म्हणजे रेल्वेच्या संगणक-खेळातला लाईन रचायचा भाग. रिकामी, करड्या चौकटींची जमीन.]

2001 साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला. त्यात सेटल ते कार्लाइल ही उत्तर इंग्लंडमधली डोंगरी लाईन होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ‘ट्रेन्झ’ आला. दोन्हींनी लोकांना गाडी चालवायला दिलीच, शिवाय लाईन बांधायची हत्यारंही हातात ठेवली. जमीन उचला, रूळ अंथरा, सिग्नल रोवा. कल्पनेतल्या रेल्वेचा नाद ब्रिटनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होता. ‘थॉमस द टँक इंजिन’च्या गोष्टी लिहिणाऱ्या रेव्हरंड ऑड्री यांनी आयल ऑफ मॅन आणि इंग्लंडच्या मध्ये सोडोर नावाचं अख्खं बेट वसवलं, आणि भावाच्या मदतीने त्याचा नकाशा, इतिहास, गावं सगळं रचलं. जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली ही मॉडेल रेल्वे आजही पेंडन संग्रहालयात आहे. आम्ही त्यांच्याच वाटेवरचे. फक्त लाकूड आणि प्लास्टरऐवजी आमच्या हातात माउस आहे.

माझी पहिली लाईन फार देखणी झाली होती. कड्यांच्या काठाकाठाने जाणारी, उंच कमानींच्या पुलांची. तीन महिने खपून केली, आणि एका रात्री पुसून टाकली.

कारण एकच प्रश्न पडला. हिच्यासाठी पैसे कोणी दिले असते?

[पडद्यावर: ‘हार्टलंड की’, म्हणजे हार्टलंडचा धक्का. तिथले कडे. लाटा.]

हे खडक बघा. साडीच्या निऱ्यांसारखे दुमडलेले थर. असा किनारा, त्यात प्रत्येक ओढ्याने कापलेली खोल घळ. इथे रेल्वे न्यायची तर मैलामैलाला पूल आणि बोगदे. आणि पलीकडे काय, तर मेंढ्या, गुरं आणि एक छोटं गाव. कुठल्याच कंपनीने हा धंदा केला नसता. खोटी लाईन बांधायची असेल तर तिला खरी कारणं लागतात. कारण नसेल, तर रूळ कितीही सुंदर वळले तरी पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

म्हणून मी नकाशांकडे वळलो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी मोजणीचे, नकाशे इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यात शेताचा बांध न् बांध, चुनाभट्टी, विहीर, सगळं दिसतं. जमिनीच्या उंचीची मोजणीही आता फुकट मिळते. ती संपादकात ओतली की खरं डेव्हन पडद्यावर उभं राहतं. रूळ तेवढे नसतात.

मग रूळ कुठून न्यायचे?

बिडफर्डचं स्टेशन टॉरिज नदीच्या पूर्व काठावर होतं आणि गाव पश्चिम काठावर. मध्ये चोवीस कमानींचा जुना पूल, प्रत्येक कमान वेगळ्या रुंदीची. पश्चिमेकडे 1901 ते 1917 एक छोटी रेल्वे चालली, बिडफर्ड ते ॲपलडोर. ती देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रुळांना जोडलेली नव्हती. पहिल्या महायुद्धात तिची इंजिनं सरकारने मागवली, तेव्हा त्या जुन्या पुलावर तात्पुरते रूळ टाकून ती पलीकडे नेली. तेवढीच काय ती त्या पुलाने पाहिलेली आगगाडी. हा प्रसंग वाचल्यापासून तो पूल माझ्या मनातून जात नाही.

माझी लाईन त्या वाटेने जात नाही. गावाच्या दक्षिणेला, लँडक्रॉसजवळ, यो नावाची छोटी नदी टॉरिजला मिळते. तिच्या दरीतून पश्चिमेला वळायचं. सुरुवात सपाट आहे. पुढे मात्र क्लोव्हेलीच्या वरचं पठार साधारण दोनशे मीटर उंच. दर शंभर मीटरला एक मीटर असा सौम्य चढ ठेवला, तर तेवढं चढायला 20 किलोमीटर लागतात. इतकी जागाच नाही. चाळीसला एक ठेवला तर 8 किलोमीटर, म्हणजे पाच मैल. ते बसतं.

चाळीसला एक म्हणजे किती, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. आपला बोरघाट सदतीसला एक आहे.

[पडद्यावर: जुन्या नकाशावर लाल रेघ पुढे सरकते.]

ब्रिटिश रेल्वेत अंतर मैल आणि चेनमध्ये मोजतात. एक चेन म्हणजे 22 यार्ड, बरोबर क्रिकेटच्या खेळपट्टीइतकी. मैलात 80 चेन. मी सगळी लाईन खेळपट्ट्यांमध्येच मोजली: चौदा मैल, सहा चेन.

आता पैशांचा प्रश्न. 1896 च्या लाइट रेल्वे कायद्याने स्वस्तातली रेल्वे बांधायला परवानगी दिली. ताशी 25 मैलांची मर्यादा, हलके रूळ, साधं सिग्नलिंग. या कायद्याखाली शेजारीच खरी लाईन झाली आहे: टॉरिंग्टन ते हॉलविल. ती आखली कर्नल स्टीफन्स यांनी आणि ती सुरू झाली 1925 च्या जुलैमध्ये. तिला कारण होतं, चिनीमातीच्या भांड्यांना लागणारी पांढरी माती. मला असं एखादं कारण शोधायचं होतं. खाण मिळाली नाही. मिळाली ती गुरं, लंडनला जाणारं दूध, उन्हाळ्यातले प्रवासी, आणि उलट दिशेने कोळसा. चुनखडी आणि कोळसा या किनाऱ्यावर साउथ वेल्सहून शिडांच्या होड्यांतून यायचा. माझी लाईन झाली असती तर त्या होडीवाल्यांचा धंदा बसला असता. हार्टलंडच्या स्टेशनात कोळशाचा ढीग रचताना मला दरवेळी हे आठवतं.

क्लोव्हेलीचं स्टेशन ठरवायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. ते गाव कड्यावरून समुद्रात उतरतं, दगडी पायऱ्यांच्या एकाच गल्लीने. तिथे आजही मोटारगाडी जात नाही. सामान घसरगाडीवरून ओढतात. रेल्वे तिथे उतरणं शक्यच नाही. स्टेशन वर, पठारावर. मग त्याचं नाव काय? ब्रिटनमध्ये अशा स्टेशनाला ‘रोड’ जोडत. 1859 चं बॉडमिन रोड गावापासून चांगलंच लांब होतं. ही पद्धत आपल्याकडेही आली: नाशिक रोड, डहाणू रोड. उतरल्यावर अजून वाट बाकी आहे, हे नावातच सांगून टाकलेलं. माझ्या फलाटावरच्या पाटीवर लिहिलंय ‘क्लोव्हेली रोड’.

[पडद्यावर: मातीचे उंच बांध, त्यांवर झुडपं. मधून जाणारे रूळ.]

हे बांध मी हाताने केले. सिम्युलेटरमध्ये तयार मिळतात ती तारांची कुंपणं. डेव्हनमध्ये मात्र शेताला दगडमातीचा बांध असतो आणि त्याच्या डोक्यावर झुडपांची रांग. तिथला माणूस आधी तेच बघेल.

आणि आता ते इंजिन.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप मी एका दृश्यासाठी मांडला होता. ‘हार्टलंड’ हार्टलंडच्या फलाटाला लागतंय. सिम्युलेटरमध्ये ते दोन क्लिकचं काम आहे. पण 34101 चं वजन टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी, सोडून 86 टन. चाकांच्या एकेका ॲक्सलवर, म्हणजे आसावर, 18 टनांच्या वर. लाइट रेल्वेच्या रुळांवर त्याला कोणी पाऊल टाकू दिलं नसतं. जी लाईन मी खऱ्या कारणांनी उभी केली, तिच्याच नियमाने ते इंजिन बाहेर राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

टॉरिंग्टन ते हॉलविल लाईनसाठी 1927 ते 1929 मध्ये जुन्या इंजिनांत फेरफार करून दहा टँक इंजिनं (कोळसा-पाणी स्वतःवरच वाहणारी) तयार केली होती, ‘ई-वन-आर’ वर्गाची. माझ्या लाईनवर तीच चालतात. पहिल्या चाचणीत पाऊस लावला होता. दोन डबे आणि सहा मालडबे घेऊन इंजिन चाळीसच्या चढावर घसरत घसरत थांबलं. दुसऱ्या फेरीत मालडबे तीन केले.

[पडद्यावर: बिडफर्ड स्टेशन. वेळ, 1952 च्या उन्हाळ्यातला शनिवार.]

अटलांटिक कोस्ट एक्स्प्रेस लंडनच्या वॉटर्लूहून निघायची, आणि वाटेत एकेका फाट्यासाठी तिचे डबे सुटत जायचे. इल्फ्राकूम, टॉरिंग्टन, ब्यूड, पॅडस्टो. मी त्यात एक डबा वाढवला आहे.

गाडी फलाटाला लागते. पुढे 34101. गार्ड शेवटचा डबा सोडवतो. उरलेली गाडी घेऊन ‘हार्टलंड’ टॉरिंग्टनकडे निघून जातं. एकेरी लाईन आहे, ते लँडक्रॉसच्या पुढे जाईपर्यंत थांबावं लागतं. सिग्नल केबिनमध्ये घंटा वाजते: दोन ठोके, थोडं थांबून एक. लाईन मोकळी.

छोटं इंजिन मागे येऊन डब्याला लागतं. ड्रायव्हरच्या हातात टोकन पडतं, एकेरी लाईनवर जायची परवानगी. नदी डावीकडे राहते, दरी सुरू होते, मग चढ. क्लोव्हेली रोडला चार माणसं उतरतात. पुढे पठारावर वारा, आणि उजव्या हाताला, बांधांच्या वरून, समुद्र.

चार वाजून बावन्न मिनिटं. वॉटर्लूचा डबा हार्टलंडला थांबतो. तीन मिनिटं उशीर.