राख जंगलाची

फिनलंडमधलं मुहोस, औलू शहरापासून जवळच. समोर दिसतंय ते पाइनचं उंच, दाट रान. आणि हा त्याचाच शेजारचा पट्टा: जमीन तीच, थंडी तीच, पण झाडं खुरटलेली. या दोन्हींत फरक आहे तो राखेचा. १९४७ साली इथे लाकडाची राख टाकली, एका पट्ट्यावर हेक्टरी ८ टन, दुसऱ्यावर १६ टन. तिसरा पट्टा तसाच ठेवला. राखेच्या पट्ट्यांवरची झाडं पुढची पन्नास वर्षं कैक पटीनं जास्त वाढली.

ही मुळात दलदल. चर खणून पाणी काढलं, तरी अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा जाड थर खाली राहिलाच. त्याला पीट म्हणतात. पीटमध्ये नत्र भरपूर, स्फुरद आणि पालाश मात्र नावापुरते. राखेचं नेमकं उलट. लाकूड जळताना नत्र उडून जातं. स्फुरद, पालाश आणि चुना मागे राहतात. म्हणून या दोघांचं जमतं. राब भाजणाऱ्या आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला राखेचं मोल नव्यानं सांगायला नको.

आता नजर खाली आणू. राख न मिळालेल्या पट्ट्यावर दलदलीचीच बुटकी झुडपं आणि शेवाळ. राखेच्या पट्ट्यावर गवतं आणि रुंद पानांची रोपटी, एरवी कोरड्या, सुपीक जंगलात सापडणारी. जमिनीवरचा सगळा गोतावळाच बदलला.

हे शेवाळ आणखी जवळून पाहू. याला मुळं नाहीत. पान जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, वर मेणाचा थरही नाही. पडेल ते पाणी थेट आत शिरतं. भट्टीतली ताजी राख चुनकळीसारखी दाहक. तिची भुकटी पडली की शेवाळ करपून तपकिरी होतं. म्हणून राख आधी मुरवावी लागते. तिच्यावर पाणी मारतात, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होते, मग तिचे दाणे करतात. हे दाणे वर्षानुवर्षं हळूहळू विरघळतात. हेलिकॉप्टरखाली लटकलेल्या या पिंपातून तेच पडतायत. हिवाळ्यात जमीन गोठली, की ट्रॅक्टरही आत जाऊ शकतो.

राखेतल्या कॅडमियम या विषारी धातूवर कायद्यानं मर्यादा आहे. राखेमुळे दलदलीतलं स्फॅग्नम नावाचं शेवाळ मागे हटतं आणि पीट लवकर कुजू लागतं, हेही खरं. म्हणून ही राख चर खणलेल्या जंगलातच टाकावी, शाबूत दलदलीत नाही.

वीजकेंद्रांत जळणारं लाकूड अशाच जंगलांतून येतं. फांद्या, शेंडे, साल, सगळं जातं, आणि त्याबरोबर झाडांनी जमिनीतून ओढलेलं पालाशही. तरी बरीच राख आजही रस्त्याच्या भरावात आणि कचऱ्याच्या डेपोत जाते, आणि इकडे पालाशाअभावी पाइनची पानं टोकापासून पिवळी पडत राहतात.