घरच्या कराओकेसाठी काय घ्यावं: वॉट नंतर पाहा, आधी आवाजाची वाट पाहा

नमस्कार राजेहो!

घरी कराओके लावायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॉटचा बॉक्स आहे?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. तुमचा आवाज माईकपासून स्पीकरपर्यंत कोणत्या वाटेनं जातो, ते आधी पाहा. त्या वाटेत ब्लूटूथ आलं की गाणं बिघडलंच म्हणून समजा.

ब्लूटूथवर आवाज पोचायला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्पीकर ५०-७० मीटर लांब, शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर ठेवून तुम्ही अंगणात गाताय, तसं ते होतं. ताल सुटणारच. ट्रॅक, म्हणजे गाण्याचं नुसतं संगीत, मात्र ब्लूटूथनं आला तर एकवेळ चालतं, कारण स्पीकरवर ऐकूनच तुम्ही गाता. फार तर स्क्रीनवरचे शब्द जरा आधी रंग बदलतील. माईक वायरनं जोडा, नाहीतर यूएचएफ रिसीव्हरवाला, म्हणजे ब्लूटूथऐवजी स्वतःच्या रेडिओ लहरींवर चालणारा कॉर्डलेस घ्या.

माईक डायनॅमिकच घ्यायचा, कार्डिऑइड. तो समोरचं ऐकतो, मागचं कमी ऐकतो. कंडेन्सर माईक नाजूक ऐकतो म्हणून लोक मोहात पडतात, पण त्याला मिक्सरमधून (माईक आणि ट्रॅकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) ४८ व्होल्ट लागतात आणि मे महिन्यात खिडकीतला कूलर तो तुमच्यापेक्षा मन लावून ऐकतो. दोन वायरचे माईक, पाच-पाच मीटर केबल, दोन्हीकडे कॅनन पिन (तीन काड्यांची गोल एक्सएलआर). एवढ्यानं घरचं काम भागतं. आणि माईकची जाळी मुठीत धरू नका. स्टेजवर पाहून पोरं धरतात तशी. जाळीच्या मागची भोकं झाकली की तो मागचंही ऐकायला लागतो, आणि शिट्टी सुरू.

आता मिक्सर. चार चॅनलचा, आत इको (आवाज घुमवायची सोय) असलेला पुरे. इथं एक चूक सर्रास होते, म्हणून जवळून दाखवतो.

(दोन वायरी कॅमेऱ्याजवळ धरून)

ही बघा पिन. हिच्यावर दोन काळ्या रिंगा आहेत, म्हणजे डावा-उजवा दोन्ही आवाज एकाच पिनेत. फोनच्या ईपी पिनेपासून (हेडफोनची बारीक पिन) एकच मोठी पी-३८ पिन (पाव इंची जाड) काढलेली ही वायर दुकानात सहज मिळते. ती मिक्सरच्या माईक-लाईन भोकात घातली, की मिक्सर दोन्ही आवाज एकमेकांतून वजा करतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते उडतं. ढोलकी गेली, बेस गेला, उरतं काय तर कडेची व्हायोलिनं आणि इकोचा धूर. माणूस म्हणतो ट्रॅकच खराब आहे! ही दुसरी वायर घ्या: एका टोकाला ईपी, दुसऱ्या टोकाला एकेक रिंगवाल्या दोन पी-३८. त्या मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या भोकात.

मग माईकचा गेन, म्हणजे मिक्सर माईकचा आवाज किती वाढवून घेतो ते बटण. गाण्यातली सर्वात चढी ओळ म्हणा आणि लाल दिवा लागेपर्यंत गेन वाढवा. लागला की जरासा मागं. बोलून गेन लावू नका, बोलणं आणि तार सप्तकातली तान यात फार फरक असतो. इको थोडाच.

स्पीकर: बारा बाय पंधराच्या खोलीला आठ किंवा दहा इंची अॅक्टिव्ह (आतच अॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरची जोडी भरपूर झाली. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) विचारा. वॉट दुप्पट केले तरी वाढ ३ डेसिबलचीच. १०० च्या ठिकाणी २०० वॉट घेतल्यावर कानाला जेमतेम फरक कळतो, खिशाला चांगलाच.

स्पीकर गाणाऱ्याच्या पुढं, तोंड बसलेल्यांकडं. आपल्याकडं टिनाचं छत असतं आणि आवाज त्यावर आपटून परत माईकात शिरतो. टिनाखाली चादर ताणा, भिंतीला दोन जाड गोधड्या टांगा. वेचणीनंतर कापूस घरातच ठेवलेला असेल तर तीच गाण्याची सर्वात चांगली खोली. कापूस चढा आवाज गिळतो. फक्त तिथं विजेचे जोड आणि एक्स्टेन्शन ठेवू नका, तार गरम झाली की कापूस पेटायला वेळ लागत नाही. सगळे बोर्ड खोलीबाहेर.

स्पीकरमधून घूंऽ असा बारीक आवाज येतो, तो बहुतेक वेळा विजेचाच. मिक्सर, स्पीकर, टीव्ही एकाच बोर्डावरून चालवा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा, घूं थांबली तर कारण सापडलं. अर्थिंगची तिसरी पिन तोडून घूं बंद करायचा उपाय कोणी सांगेल. तो करू नका, माईकची जाळी लोखंडाची असते आणि ती ओठाला लागते. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग ढिलं पडतं. खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून तपासून घ्या. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर गायचं असेल तर तो साईन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर स्पीकर भुंग्यासारखा गुणगुणतो.

चालू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. उलटं केलं तर धाड् करून जो आवाज येतो, तो स्पीकरची कॉइल खातो.

रात्री १० ते सकाळी ६ चा आवाजाचा नियम गावालाही लागू आहे: वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. दहा वाजत आले की आधी बेसचं बटण कमी करा. टिनातून आणि दारातून पहिला तोच बाहेर जातो.