पाय न बांधता जलपरी

(दृश्य : मासळीबाजार. फळीवर रोहू. सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालते, खवले उडतात.)

मासा साफ करताना सुरी नेहमी शेपटीकडून डोक्याकडे चालवतात. उलटी चालवली तर ती नुसती घसरते. प्रत्येक खवल्याचं मोकळं टोक शेपटीकडे असतं आणि मूळ वरच्या खवल्याखाली दडलेलं असतं, कौलारू घरावरच्या कौलांसारखं. जलपरीची शेपटी करायला बसण्याआधी मुलांना हे एकदा दाखवाच. रोहूचा एक मोठा खवला मागून आणा, साबणाने धुवा आणि उजेडासमोर धरा. त्यावरची बारीक वलयं मग मुलांना खडूने आपल्या कापडी खवल्यांवर काढता येतात.

(दृश्य : सतरंजीवर कापडी पिशवी, कात्री, पुठ्ठ्याचा साचा.)

कापड कुठलं घ्यायचं? साटीन दिसतं सुरेख, पण कापलेल्या कडेतून दशा निघतात आणि दोन खेळांत शेपटीची लक्तरं होतात. साड्यांच्या दुकानात न विणलेल्या कापडाची पिशवी मिळते, ती यासाठी उत्तम. तिच्यात उभे-आडवे धागेच नसतात, मग दशा निघणार कुठून? ३५ बाय ४० सेंटिमीटरच्या एका पिशवीच्या दोन्ही बाजू मिळून, ७ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर लांब असे ५० खवले निघतात. सहा वर्षांच्या मुलाच्या शेपटीला तेवढे पुरतात.

शेपटी नळीसारखी शिवू नका. पुढून बांधायचा अ‍ॅप्रन करा : वर ३५ सेंटिमीटर रुंद, खाली २०, लांबी कमरेपासून घोट्यापर्यंत, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. कमरेला इलॅस्टिक आणि वेल्क्रो. मागची बाजू मोकळी. नळीत पाय घालून फरशीवर धावलेलं मूल पहिल्याच वळणावर तोंडावर पडतं. अ‍ॅप्रनमध्ये ते पाऊल टाकू शकतं आणि बसलं की शेपटी अख्खी दिसते.

आता खवले लावायचे. सुरुवात तळापासून. पहिली ओळ घोट्याजवळ, दुसरी तिच्या ५ सेंटिमीटर वर, अशा बारा ओळी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या खवल्याने सरकवा, म्हणजे दोन खवल्यांमधली फट वरच्या खवल्याच्या गोलाईने झाकली जाते. टाका फक्त वरच्या कडेला. वरून खाली येत लावले तर खवल्यांची तोंडं डोक्याकडे उघडतात. मूल पोटावर सरपटत पुढे गेलं की ती सतरंजीत अडकतात आणि टाके उसवतात. सुरी कुठून कुठे चालते ते पाहिलेलं मूल ही चूक स्वतःच पकडतं.

(दृश्य : कोकणचा समुद्र. डॉल्फिनची पाठ वर येते, मग आडवी शेपटी.)

टोकाचा पंखा उभा लावायचा की आडवा? माशाची शेपटी उभी असते, ती डावी-उजवीकडे हलते. दापोलीजवळ किंवा तारकर्लीला दिसणाऱ्या डॉल्फिनची शेपटी आडवी, वर-खाली हलणारी. माणसाचे गुडघे आणि कंबर पुढे-मागेच वाकतात, तेव्हा जलपरीने डॉल्फिनचाच पंखा घ्यावा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पातळ फोम दोन कापडांमध्ये घालून तो शिवा. पुठ्ठा एका दुपारीतच मोडतो. चालताना पंखा पायात येतो, म्हणून त्याच्या टोकाला नाडीचा फास आणि कमरेला एक बटण ठेवा. उठताना पंखा वर अडकवायचा.

घरातल्या खेळाला मग फार काही लागत नाही. निळी ओढणी म्हणजे पाणी, गादी म्हणजे खडक. ‘ओहोटी’ म्हटलं की सगळ्यांनी कोपरांवर सरपटत शिंपले वेचायचे, ‘भरती’ म्हटलं की खडकावर. कोपर सोलू नयेत म्हणून जुने पायमोजे पंजे कापून कोपरावर चढवा.

थोड्या मोठ्या मुलांसाठी जलपरीचा एक प्रयोग मांडा. एक लिटर पाण्यात कच्चं अंडं सोडा, ते बुडतं. ३५ ग्रॅम मीठ घातलं की ते पाणी समुद्राइतकं खारट होतं. ताजं अंडं तरीही तळाशीच राहतं. मुलं इथे हमखास चकित होतात. मीठ घालत, ढवळत राहा. १०० ते १२० ग्रॅमच्या आसपास अंडं वर उचललं जातं. आधीचं मीठ विरघळण्याआधीच पुढचं टाकलं तर हिशेब चुकतो, तेवढा धीर धरायला लावा. हे पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि कच्च्या अंड्याला हात लावला की साबणाने धुवायला सांगा.

(दृश्य : तरणतलाव. उथळ बाजू. पाण्यात मुलीच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस.)

पाण्यात मात्र कापडी शेपटी न्यायची नाही. तयार मिळणारी शेपटीही नको, तिच्यात दोन्ही पाय एकाच पंख्यात अडकतात. तोल गेला तर सावरायला एक पाय आधी पुढे यावा लागतो आणि नेमकं तेच तिथे होत नाही. छातीइतक्या पाण्यातही मूल घाबरतं, नाकातोंडात पाणी जातं. पोहणाऱ्या मुलालाही हा धोका टळत नाही.

त्याऐवजी भांडी घासायचा एक नवा स्पंज घ्या, निव्वळ मऊ, खरखरीत बाजू नसलेला. तो दोन घोट्यांमध्ये धरायचा. झाली शेपटी! पाय जुळून राहिले तर स्पंज टिकतो, फाकले तर निसटून वर तरंगतो. कुणी शिकवणी करायची गरज नाही, स्पंजच सांगतो. आणि मुलाला भीती वाटली त्या क्षणी पाय मोकळे.

आधी काठावर चटईवर पालथं झोपवून लाट शिकवा : छाती खाली, कंबर वर, मग कंबर खाली, पाय मागोमाग. नंतर पाण्यात काठ धरून तेच. तिसऱ्या पायरीला भिंतीला पाय लावून ढकलायचं, हात पुढे ताणलेले, आणि चार लाटा. बस, चारच.

बिघडतं ते दोन ठिकाणी. मूल समोर बघायला डोकं वर काढतं, लगेच पाय बुडतात आणि लाट मोडते. तळाच्या फरशीकडे बघायला सांगा. दुसरं म्हणजे लाट कमरेऐवजी गुडघ्यातून मारणं. पाय पाण्याबाहेर आपटून आवाज आला की समजा गुडघे जास्त वाकताहेत.

खजिना शोधायचा तर स्टीलचे चमचे आणि छोट्या वाट्या मुलाच्या कमरेइतक्या पाण्यात टाका. काच नको. एका वेळी एकच वस्तू उचलून वर यायचं. ‘जास्त वेळ श्वास कोण रोखतो’ ही स्पर्धा कधीही लावू नका, गंमत म्हणूनही नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. बुडी मारण्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतले की तो कमी होतो, घुसमट जाणवत नाही, आणि प्राणवायू संपून मूल पाण्याखालीच बेशुद्ध होतं. हातपाय न मारता, आवाज न करता. काठावरून ते खेळतंय असंच वाटतं.

ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरली की खेळ तिथेच थांबवून अंग पुसा.

(दृश्य : संध्याकाळचा किनारा. ओल्या वाळूचा रुंद पट्टा.)

समुद्रात जलपरी वाळूवरच. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. पुढे रोज ही वेळ साधारण ५० मिनिटं सरकते. ओहोटीला उघडी पडलेली ओलसर वाळू घ्या. कोरडी घसरते, पाणी सुटलेली पसरते. मुठीत दाबून गोळा टिकला की ती योग्य. मुलाला बसवून पायांवर वाळूचा थर रचा आणि टोकाला आडवा पंखा काढा. खवले उमटवायला शिंपल्याची पाठ दाबायची, इथेही तळापासून वर. खड्डा खणून त्यात पाय पुरायचे नाहीत, कडा ढासळते. वाळूचा थर एवढाच ठेवा की मुलाने पाय उचलला तर शेपटी तडकली पाहिजे.

(दृश्य : घराची गॅलरी. दोरीवर अ‍ॅप्रन, खाली उपडा टब.)

घरी खेळायला किंवा धुवायला टबात पाणी भरलं असेल तर काम झाल्यावर तो लगेच रिकामा करून उपडा घाला. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. स्पंज पिळून वाळवा. शेपटीला वाळू-पाणी लागलं असेल तर साध्या पाण्यात खळबळून सावलीत टांगा. या पिशव्या बहुधा पॉलीप्रॉपिलीनच्या असतात. रोज उन्हात राहिल्या की ठिसूळ होतात आणि मग खवले हातातच चुरतात.