सुगावा समोरच ठेवायचा

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादून.)

नमस्कार.

मार्च महिन्यातली गोष्ट. मी मागच्या अंगणात पांढऱ्या धोतराचे पाच तुकडे वाळत घातले होते. प्रत्येकावर हळदीचा एक डाग. दोन उन्हात, दोन सावलीत, एक घरात खुंटीला. दर अर्ध्या तासानं बाहेर जायचं, डाग बघायचा आणि वहीत वेळ टाकून लिहायचं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, ‘अगं, काय चाललंय सकाळपासून?’ म्हटलं, ‘काकू, नव्या कादंबरीतला माणूस खोटं बोलतोय. ते कसं पकडायचं बघतेय.’

हळदीचा डाग तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. साबण लागला की लालभडक होतो. खळबळून साबण गेला की पुन्हा पिवळा. हळदीत चुना मिसळून कुंकू करणाऱ्यांच्या घरात हे पोरालाही ठाऊक असतं. पण हाच डाग उन्हात उडतो. सावलीत राहतो. माझ्या कादंबरीतला अडत्या पोलिसांना सांगतो, ‘त्या दिवशी मी घरीच होतो, सदरा धुऊन गच्चीवर वाळत घातला, दिवसभर तिथंच होता.’ आणि तिसऱ्या प्रकरणात त्याची बायको कपड्यांच्या घड्या करताना त्या सदऱ्याच्या बाहीवरचा पिवळाजर्द डाग बघते, चुकचुकते, सदरा कपाटात ठेवते. बस्, एवढंच. सदऱ्यानं ऊन पाहिलेलंच नाही. तो बंद गोदामात वाळला.

मी ते वाक्य लपवलेलं नाही. वाचकानं ते वाचलं, पुढं गेला. दोनशे पानांनंतर त्याला ते आठवतं आणि तो पानं उलटत मागं येतो. रहस्यकथेचं सगळं इमान या मागं येण्यात आहे. वाचक मागं आला आणि तिथं काही सापडलं नाही, तर मी त्याला फसवलं. दुसऱ्या कुठल्याही प्रकारात लेखकाला थोडं धुकं चालतं. इथं चालत नाही. सुगावा वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवायचा, आणि त्याच वेळी त्याचं लक्ष कपड्यांच्या घडीकडं, बायकोच्या चुकचुकण्याकडं असेल असं बघायचं. मी गेली बावीस वर्षं हेच शिकते आहे.

माझा दिवस कसा असतो ते सांगा, असं मला सुचवलं होतं. पहाटे साडेचारला उठते. दूधवाला सहाला येतो, तोवरचा दीड तास माझा. स्वयंपाकघरातलं टेबल, एकरेघी वही, शाईचं पेन. त्या वेळात दोन पानं होतात, कधी अर्धंच. मग घर, डबे, सासूबाईंची औषधं. दुपारी टंकलेखन आणि चौकशी. चौकशी म्हणजे फोन, नाहीतर स्वतः जाऊन विचारणं. लिहिण्याहून जास्त वेळ यातच जातो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

ही चौकशी का लागते, ते सांगते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. आपण सगळे ज्याला ‘तीनशे दोन’ म्हणतो, ते खुनाचं कलम आता १०३ आहे. माझी एक कादंबरी तेव्हा निम्मी लिहून झाली होती. घटना २०२३ मधली ठेवली असती तर जुनं कलम चाललं असतं, पण मला त्यात २०२४ चा पावसाळा हवा होता. मग फौजदाराच्या तोंडची वाक्यं पुन्हा लिहिली. म्हातारा हवालदार मात्र अजून ‘तीनशे दोन लागणार’ असंच म्हणतो, आणि ते मी मुद्दाम ठेवलं. जिभेवर बसलेलं कलम एका रात्रीत उतरत नाही.

तसंच शवविच्छेदनाचं. पडद्यावर विषाचा अहवाल तासाभरात येतो. प्रत्यक्षात व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, बरणीला सील लावून प्रयोगशाळेकडं जातो आणि अहवालाची वाट बघावी लागते. तोवर पोलिसांकडं अकस्मात मृत्यूची नोंद असते, खुनाचा गुन्हा नसतो. हे मला एका निवृत्त डॉक्टरांनी समजावलं, त्यांच्या ओसरीवर बसून, दोन संध्याकाळी. या वाट बघण्यातच माझी कथा घडते. गुन्हा नोंदलेला नाही, सगळे सुटे आहेत, रोज एकाच पंगतीला जेवताहेत, दहावं-तेरावं उरकताहेत. लोक विचारतात, लहान गावात रहस्य कुठून आणता? अहो, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात, तिथंच तर लपवायला काहीतरी असतं.

‘रहस्यकथा हे साहित्य का?’ हा प्रश्न मला दर कार्यक्रमात येतो. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं होती. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. आमच्या अडतीवरचे हमाल दुपारच्या विसाव्यात पोत्याला टेकून ती वाचायचे. एक वाचायचा, तिघं ऐकायचे. लिहायला-वाचायला शिकलेल्या माणसाला वाचायची ओढ लावणं हे लहान काम आहे असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. इथल्या ग्रंथपालांनी मघाशी मला माझ्याच एका पुस्तकाची प्रत दाखवली. मागं चिकटवलेली तारखांची चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी चिकटवली, तीही भरली. पुठ्ठ्याला कापडी पट्टी लावली आहे. शेवटचं पान कुणीतरी हातानं लिहून जोडलंय, कारण मूळ पान फाटून गेलं. कुणा वाचकानं दुसरी प्रत मिळवून, ओळ न ओळ, निळ्या शाईत उतरवलंय ते. पुढच्या माणसाला खुनी कळावा म्हणून. मला मिळालेल्या सगळ्या शालींहून ते पान मोठं आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. यावर घर चालत नाही. एका प्रकाशकानं माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मला न कळवता काढली होती. एका वाचनालयात नवी प्रत हातात आली तेव्हा कळलं. मानधन मिळायला वर्ष गेलं. तेव्हापासून करारात प्रतींची संख्या आणि आवृत्तीचं कलम मी स्वतः वाचते. इथं लिहिणाऱ्या मुली बसल्या आहेत, त्यांनीही वाचावं.

आता सध्याच्या कादंबरीविषयी. तिच्यासाठीच मी आज जास्त ओढीनं आले आहे. ती हरिपूरच्या पेवांची आहे. नव्या मुलांसाठी सांगते: कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत हळद साठवायला जमिनीखाली पेवं खणायचे. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. कारण आतल्या हवेत प्राणवायूच उरत नाही. आणि म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरायचं नाही. तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. जिथं किडा जगत नाही, तिथं माणूस कसा जगेल? आमची हळदीची अडत होती, त्यामुळं हे मी लहानपणापासून ऐकलंय. वडील कंदिलाचं सांगताना आवाज खाली आणायचे.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीच गेली. माल आता गोदामांत आणि शीतगृहांत असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या माळ्याखालच्या कपाटात वडिलांच्या अडतीच्या वह्या होत्या. कुठल्या पेवात कुणाची किती पोती, सगळं त्यांत होतं. लगदा झाला त्याचा. पानं उन्हात पसरली, शाई वाहून गेलेली. म्हणून ही कादंबरी मी घाईनं लिहिते आहे, पेवात उतरलेली माणसं आहेत तोवर.

माझ्या कथेत एक जण पेवात उतरतो. कंदील जळत असतो, म्हणजे हवा ठीक आहे. तो तळाशी पोचतो आणि वर हाक मारतो. वरचा म्हणतो, मला हाक ऐकूच आली नाही. तो खरं बोलतोय की खोटं, यावर सगळी कादंबरी उभी आहे. पेव मोकळं असताना आवाज घुमत असेल, पण अर्धं भरलेलं असताना? पोती आवाज खाऊन टाकतात का? वाऱ्याच्या दिवशी काय होतं? मी चार जणांना विचारलं, चौघांनी चार तऱ्हा सांगितल्या.

या सभागृहात मागच्या रांगेत मला काही पांढऱ्या टोप्या दिसताहेत. आपल्यापैकी कुणी पेवात उतरलं असेल, तर कार्यक्रम झाल्यावर कृपा करून पाच मिनिटं थांबा. वही मी आणली आहे.