विधेयकाला जोडायचं एक पान

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात त्यांनी पुढं या, पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत, पंगतीत कसं कुणी सांगायची वाट बघत नाही तसं बसा. पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय, ‘प्रस्तावित कायदे आणि आरोग्यातली विषमता’, पण मला बोलायचंय ते फक्त एका पानाबद्दल.

आधी हात वर करा बघू, एखादं विधेयक हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलंय असे किती जण आहेत इथं? एक, दोन... वकीलसाहेब, तुमचा हात धरत नाही, तुमचं ते रोजचं काम आहे. तर विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणं यांचं निवेदन असतं, आणि सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. पैसा जाणार असेल तर तो किती जाणार हे सभागृहाला आधी कळलं पाहिजे, असा त्यामागचा विचार आणि तो योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की तसंच एक पान तब्येतीचं जोडा. हा कायदा आला तर कुणाची तब्येत सुधारेल, कुणाची बिघडेल, आणि जो आधीच मागं आहे तो आणखी मागं तर पडणार नाही ना, हे मतदानाच्या आधी लिहून द्या.

मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. ही कल्पना मला पुस्तकात नाही सापडली, एका घरात सापडली, ते सांगते.

२०१९ सालची गोष्ट. माझ्याकडच्या वस्तीत एका घरात दोघी जावा, दोघी एकाच वेळी गरोदर. थोरली विमा कंपनीच्या ऑफिसात, धाकटी साड्यांच्या दुकानात काउंटरला. दोघींची नोंद मीच केली, लोहाच्या गोळ्या मीच दिल्या, अकरा दिवसांच्या अंतरानं दोघी बाळंत झाल्या. थोरलीला मुलगी, धाकटीला मुलगा, तिचं हे दुसरं. आता थोरलीला २६ आठवड्यांची पगारी रजा, कारण २०१७ च्या एप्रिलपासून मातृत्व लाभ कायदा बदलला आणि १२ आठवड्यांचे २६ झाले. फार चांगला बदल, मी तेव्हा पेढे वाटलेत, कारण सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, हे घरोघरी सांगून आमचा घसा बसायचा आणि बाया म्हणायच्या ताई, तुम्ही सांगता खरं, पण कामावर कोण जाणार.

धाकटीच्या दुकानात मालक धरून सात माणसं. कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानाला लागू. म्हणजे तिला २६ नाहीत, १२ नाहीत, एक दिवससुद्धा नाही. मालक काही वाईट माणूस नव्हता हो, बारशाला साडी घेऊन आला होता, पण लग्नसराई तोंडावर आलेली, म्हणाला सव्वा महिन्यानं ये नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. ती अडतिसाव्या दिवशी गेली.

मी एकदा त्या दुकानात गेले होते, दुपारची. ती मागच्या स्टोअरमध्ये खोक्यांच्या मधे, भिंतीकडे तोंड करून उभी, दूध दाटून छातीला गाठी झालेल्या आणि ती ते बेसिनमध्ये पिळून टाकत होती. ब्लाउजच्या आत फडक्याची घडी, पदर पुढं ओढून घेतलेला, साडीला डाग पडला तर गिऱ्हाईक बघतं म्हणून. मला बघून म्हणाली, ताई, हे घरी नेता आलं असतं तर. आणि घरी काय, सासू गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून बाटलीनं पाजत होती, पचायला हलकं म्हणून. दोन महिन्यांच्या बाळाला जुलाब सुरू झाले, सलाईन लावायची वेळ आली, चार दिवस दवाखान्यात. त्या चार दिवसांचा पगार कापला गेला तो वेगळाच.

पुढं काय झालं ते ऐका. थोरली घरीच होती ना रजेवर, तिनं धाकटीच्या बाळाला आपल्या पोरीबरोबर पाजायला सुरुवात केली. रोज नाही जमायचं, पण पाजायची. एका बाईला कायद्यानं रजा दिली आणि ती तिनं दोन बाळांत वाटून घेतली. सहाव्या महिन्यात मी दोघांची वजनं केली तेव्हा पोरगी ७ किलो २००, पोरगा ५ किलो ९००, कार्डावर तिची रेघ हिरव्यात आणि त्याची पिवळ्या पट्ट्यात. घर एकच, नळाचं पाणी एकच, आणि सेविकाही मीच.

सरकारी पैसे नाही का मिळाले, असं कुणीतरी विचारेल. मातृवंदना योजनेचे ५००० रुपये तेव्हा फक्त पहिल्या बाळाला होते. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००, हे २०२२ पासून आलं, आणि मुलगा असेल तर अजून काही नाही. खरं तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये लिहिलेत, त्यात पहिलं-दुसरं असं काही नाही, ती अट योजनेत घातली.

जरा विषयांतर होतंय पण हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. विधेयकात भार मालकावर होता तरी त्यांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ ला कायदा झाला, पण तो गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांपुरता. म्हणजे पैसे कोण देणार आणि कोण बाहेर राहणार, हे दोन प्रश्न तेव्हापासून उघडे आहेत. २०१७ ला रजा दुपटीहून वाढली, आणि जिथं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नाही तिथं सगळा पगार पुन्हा मालकाच्याच खिशातून. मग मालक बाईला कामावर घेताना दहादा विचार करणार की नाही? २०१८ ला केंद्राच्या श्रम मंत्रालयानं मालकांना सात आठवड्यांचा पगार परत द्यायची योजना मांडली, म्हणजे ही अडचण लक्षात आली, पण कायदा झाल्यावर दीड वर्षानं. ती आधी लिहायची जागाच नव्हती, हेच मी सांगतेय. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, दहाची अट तशीच आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा भरभर सांगते.

हे पान लिहिणारे लोक जगात आहेत. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, राजधानीचं नव्हे, सिअॅटल ज्यात येतं ते, तिथं गव्हर्नर किंवा कुठलाही आमदार राज्याच्या आरोग्य मंडळाला सांगू शकतो की या विधेयकाचा आरोग्यावर आणि विषमतेवर काय परिणाम होईल ते तपासून द्या, आणि अधिवेशन चालू असेल तर दहा दिवसांत द्यावं लागतं. ते एक साखळी मांडतात, कायद्यानं काय बदलेल, त्यातून लोकांच्या जगण्यात काय बदलेल, त्यातून तब्येतीत काय आणि कुणाच्या, आणि प्रत्येक कडीला पुरावा किती भक्कम आहे ते लिहितात. विधेयक अडवायचा अधिकार त्यांना नाही, मला तोही नकोय. कॅनडातल्या क्युबेकमध्ये २००२ पासून, आरोग्यावर मोठा परिणाम होईल अशा कायद्यासाठी इतर मंत्र्यांना आरोग्यमंत्र्यांचा सल्ला घ्यावाच लागतो. थायलंडनं २००७ च्या कायद्यात अशी तपासणी मागायचा हक्क लोकांनाच दिला.

उशीर होईल म्हणाल तर २०१४ चं केंद्राचंच धोरण आहे, मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढं ठेवा, त्या तीस दिवसांत हे पान होतं. आकडे कुठून आणायचे? देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था बसलीय, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते, अंगावर पिणारी बाळं किती, कमी वजनाची किती, जिल्हावार मिळतं. आणि आमच्या आशाताईंना, सेविकांना विचारा, कोण बाहेर राहणार ते आम्हाला दारं तोंडपाठ आहेत म्हणून आधी कळतं. विधानसभेतला एक आमदार जरी म्हणाला की या विधेयकाचं तब्येतीचं पान कुठाय, तरी सुरुवात होईल, आणि आपले आमदार गणपतीत इथंच येतात आरतीला, तेव्हा विचारा त्यांना.

मी त्या रजेच्या विधेयकाचं पान लिहून आणलंय. ते २०१६ सालीच लिहिता आलं असतं, ते वाचते आणि बसते.

‘लाभ: दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांत नोकरी करणाऱ्या माता. सहा महिने निव्वळ स्तनपान शक्य, पुरावा भक्कम. बाहेर: छोटी दुकानं, धुणीभांडी, शेतमजुरी, ऊसतोड, म्हणजे नोकरी-मजुरी करणाऱ्या बहुतेक बायका. या बाळांना सहा महिन्यांच्या आत वरचं दूध, त्यातून जुलाब, कमी वजन, आणि लाभ मिळालेल्या बाळांशी त्यांचं अंतर वाढण्याची शक्यता. भार मालकावर राहिल्यास तरुण बायकांना नोकरी नाकारली जाण्याचा धोका. उपाय: बाहेरच्या मातांना निदान तेवढ्या आठवड्यांची किमान मजुरी सरकारी निधीतून, बाळ कितवं ते न विचारता.’