जांभळ्या झाकणाची नळी

नमस्कार श्रोतेहो. दंडाला पट्टा आवळला, सुई टोचली, नळी भरली आणि कापसाचा बोळा दाबून तुम्ही घरी निघालात. मागे राहिलेल्या त्या नळीचं पुढे काय होतं, ते आज सांगणार आहे, आणि ती तपासणाऱ्या माणसाला परवाना का असावा, तेही. ३२ वर्षं मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये त्याच नळ्या हाताळल्या.

मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. रात्रपाळी होती. सकाळी ऑपरेशन ठरलेल्या एका बाईंचा नमुना आला. मशीनने प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, दाखवल्या १८ हजार. नेहमी असतात दीड ते साडेचार लाख, आणि इथे १८ हजार! मी तोच नमुना पुन्हा लावला. आले १६ हजार. वॉर्डला फोन केला, तर तिकडे ऑपरेशन पुढे ढकलायची, प्लेटलेट्सच्या पिशव्या मागवायची बोलणी सुरू झाली. मी रिपोर्ट छापायला घेतला.

लॅबमधल्या आमच्या वरिष्ठ मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "थांब. बाईंच्या अंगावर कुठे काळंनिळं आहे का? हिरड्यांतून रक्त येतंय का? विचारून ये."

मी जाऊन आलो. "नाही मॅडम, काहीच नाही."

"मग स्लाइड कर."

रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने सर्रकन ओढायचा. जिभेच्या आकाराचा पातळ थर उमटतो, टोकाला पिसासारखा विरळ होत जातो. त्यावर लिशमनचा रंग चढायला दहाएक मिनिटं लागतात. तेवढ्यात वॉर्डातून तीनदा फोन आला. मॅडमनी तिन्ही वेळा एकच सांगितलं, "रिपोर्ट अजून तयार नाही." मग मायक्रोस्कोपखाली त्यांनी थेट ते विरळ टोक आणलं, उठल्या आणि मला खुर्चीवर बसवलं. "बघ."

घोस होते, जांभळट ठिपक्यांचे घोस! वीस-वीस, तीस-तीस प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून बसलेल्या.

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण काही थोड्या माणसांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, असतात, की ईडीटीएची गाठ पडली की प्लेटलेट्स एकत्र चिकटतात. शरीरात नाही बरं का, नळीत. पुन्हा सांगतो, शरीरात नाही, नळीत. मशीन आकार बघून मोजतं. एवढा मोठा घोस त्याच्या हिशेबात प्लेटलेट ठरतच नाही, कधीकधी तर तो पांढरी पेशी म्हणून मोजला जातो.

निळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं, तेही रक्त गोठू देत नाही. तिच्यात दुसरा नमुना घेतला. १ लाख ८० हजार. सायट्रेटच्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून १.१ ने गुणायचं. १ लाख ९८ हजार. बाईंचं ऑपरेशन ठरल्या वेळी झालं.

 

तर मुद्दा परवान्याचा. बटण दाबायला मी दोन दिवसांत शिकलो होतो. आलेला आकडा माणसाशी जुळत नाही हे ओळखणं आणि रिपोर्ट अडवून धरणं, याला शिक्षण लागतं आणि अधिकार लागतो. माझ्या मते परवाना असावा तो यासाठी. रिपोर्ट अडवण्यासाठी. ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे पदनाम कायद्याने राखलेलं आहे. नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि ती दर २ वर्षांनी नवी करावी लागते. अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी १९८८ चा केंद्रीय कायदा आहे, पण काम करणाऱ्या माणसाला स्वतंत्र परवाना लागतो तो कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांतच. हे मला पटत नाही. राज्याची हद्द ओलांडली म्हणून रक्त बदलतं का? भारतात २०२१ च्या कायद्याने प्रयोगशाळेतल्या लोकांची नोंदणी ठेवायची तरतूद झाली. फार उशिरा झाली, पण झाली.

त्या रात्री मॅडमनी रिपोर्टवर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, 'प्लेटलेट्सचे घोस आढळले, ईडीटीए नमुन्यातील मोजणी ग्राह्य धरू नये', आणि खाली सही केली. मग एका कोऱ्या चिठ्ठीवर तेच सोप्या शब्दांत लिहून त्या स्वतः वॉर्डात गेल्या. बाईंना म्हणाल्या, "ताई, ही पर्समध्ये ठेवा. पुढे कुठेही रक्त द्यायची वेळ आली, तर सुई टोचायच्या आधी दाखवा."